धोतर, नाडी आणि न भरणारी जखम

'आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी' या अमेरिकन नियतकालिकात १९४५ साली मुंबईहून गेलेला एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई हे त्याचे लेखक होते. लोकांच्या रूढी आणि सवयी यांच्याशी जोडलेल्या, भारतात आढळणाऱ्या कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांचे वर्णन त्यात होते. त्यांपैकी एक कर्करोग कंबरेच्या कातडीवर होत असे. जिथे धोतराची गाठ वर्षानुवर्षे काचते नेमक्या त्याच जागी तो दिसत असे, म्हणून त्याला नाव मिळाले 'धोती कॅन्सर'. आपल्या रोजच्या वापरातले वस्त्र अशा रीतीने जगाच्या वैद्यकीय शब्दकोशात जाऊन बसले, पण ज्यांच्या अंगावर ते वस्त्र होते त्यांच्यापर्यंत ही माहिती क्वचितच पोचली.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, आठवड्याच्या बाजाराला गेलात तर नऊवारी लुगडे नेसलेल्या आजीबाई आणि धोतर-टोपीतले म्हातारबाबा आजही भेटतात. सहावारी साडी नेसणाऱ्या बायकांच्या कंबरेला परकराची नाडी असते. त्यामुळे ही हकिकत पंचाहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची असली तरी शिळी नाही. त्वचेचा कर्करोग भारतीयांत तुलनेने कमी आढळतो हे खरे आहे. परंतु तो डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो आणि वेळेवर ओळखला तर बहुधा पूर्ण बरा होतो. इतके असूनही रुग्ण उशिरा का येतात, आणि हे बदलता येते का, हे इतिहासाच्या आधाराने पाहू.

काजळीची गोष्ट

कर्करोगाला बाहेरचे काही कारण असू शकते हे माणसाला प्रथम नीट कळले ते त्वचेमुळेच. लंडनमधील सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या मजुरांच्या एका रोगाचे वर्णन केले. त्या काळी लहान मुलांना अरुंद धुराड्यांतून वर चढवून काजळी खरवडून घेत. ही मुले मोठी झाली की त्यांच्यातील काहींच्या वृषणाच्या कातडीवर चिघळणारा व्रण होई. मजूर त्याला 'काजळीची चामखीळ' म्हणत, तर वैद्य तो गुप्तरोग समजून पारा देत आणि त्याचा काही उपयोग होत नसे. पॉट यांनी रोग्याचा धंदा विचारला, आणि कातडीच्या वळ्यांत साठून राहणारी काजळी हे कारण असल्याचे सांगितले.

इथे एक प्रश्न उभा राहतो. धुराडी युरोपभर होती, मग हा रोग इंग्लंडमध्येच इतका का? लंडनचे शल्यविशारद हेन्री बटलिन यांनी १८९२ मध्ये इतर देशांतील कामगारांशी तुलना करून याचा छडा लावला. जर्मनीसारख्या देशांत हे कामगार अंगभर घट्ट बसणारे कपडे घालत आणि अंग स्वच्छ ठेवत, त्यामुळे काजळी कातडीपर्यंत पोचतच नसे. एकाच धंद्यातल्या दोन गटांची अशी तुलना केल्यामुळे पॉट यांच्या तर्काला बळकटी आली.

प्रयोगाचा पुरावा मिळायला मात्र १९१५ साल उजाडावे लागले. जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी शंभराहून अधिक सशांच्या कानांना दगडी कोळशाचे डांबर पुनःपुन्हा चोळले. महिनोन्‌महिने काही घडले नाही, परंतु वर्षाच्या आसपास काही सशांच्या कानांवर खरोखरीचा कर्करोग दिसू लागला. पुढे १९३० च्या दशकात लंडनमध्ये केन्नवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डांबरातील नेमकी कर्करोगकारक रसायने वेगळी काढली.

या हकिकतीतून दोन गोष्टी लक्षात ठेवू. एक, कर्करोग एका रात्रीत होत नाही. एकाच जागी दीर्घकाळ इजा होत राहावी लागते. दोन, कारण शोधायचे तर रोग्याला नुसता व्रण दाखवायला सांगून भागत नाही. तो कुठे राहतो, काय काम करतो, काय नेसतो, हेही विचारावे लागते.

कांगडी आणि धोतर

भारतात हा प्रश्न प्रथम काश्मीरमध्ये विचारला गेला. थंडीच्या दिवसांत तिथले लोक फेरनच्या आत कांगडी घेऊन बसतात. कांगडी म्हणजे वेताच्या विणीत बसवलेले, निखारे भरलेले मातीचे भांडे. पोट आणि मांड्या यांना रोज शेक बसून तिथली कातडी जाळीसारखी काळपट होते. पुढे वयपरत्वे काहींना त्याच जागी कर्करोग होतो. श्रीनगरमधील मिशनरी डॉक्टर एल्म्सली यांनी १८६६ साली याविषयी लिहिले, आणि नंतर डॉ. अर्नेस्ट नेव्ह यांनी अनेक वर्षांच्या शस्त्रक्रियांच्या अनुभवावर हा संबंध पक्का केला. इतर लोकांत सहसा न दिसणाऱ्या जागी, मांडीवर आणि पोटावर, हा रोग दिसावा, यातच त्याच्या कारणाचा पत्ता होता.

मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची व संशोधनाची सूत्रे खानोलकरांकडे आली. त्यांचा काळ १८९५ ते १९७८. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन आलेले खानोलकर मुंबईत ग्रँट आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास या दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवत होते. पुढे ते भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक, कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींइतकेच त्या पेशींच्या मालकाकडे लक्ष देणारा हा शास्त्रज्ञ होता.

देशभरातून आणि नाना जातीधर्मांतून रुग्ण येत असल्याने मुंबईचे हे रुग्णालय म्हणजे एक चालता-बोलता तुलनात्मक प्रयोगच होता. एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या वेगवेगळ्या समाजांत कर्करोगाच्या जागा वेगवेगळ्या दिसत. पारशी स्त्रियांत स्तनांचा कर्करोग अधिक, तर इतर अनेक समाजांतील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा अधिक. तंबाखू-चुना तोंडात धरून ठेवणाऱ्यांत तो तोंडात होई. शहर एकच असताना जागा बदलत असतील, तर राहणीतल्या फरकाकडे पाहायला हवे, हे खानोलकरांच्या विचाराचे सूत्र होते. कर्करोग हा कपाळी लिहिलेला भोग नाही, त्याला कारणे असतात आणि त्यांतली काही टाळता येतात, असा याचा अर्थ होतो. त्या काळात हे सांगणे मोठेच होते.

धोतराचा कर्करोग हे या विचाराचे एक उदाहरण. धोतर कंबरेला घट्ट आवळून, रोज त्याच जागी गाठ मारून नेसले की तिथे काच पडतो. घाम, धूळ आणि घर्षण यांनी कातडी जाड व खवलेदार होते, तिचा रंग बदलतो, कधी काळा पट्टा तर कधी पांढुरका पट्टा उमटतो. पुढे भेग पडते, खपली धरते, निघते, पुन्हा धरते. असे वर्षानुवर्षे चालल्यावर क्वचित एखाद्याच्या बाबतीत ती जखम भरायचीच थांबते.

काच आणि कर्करोग यांतली पायरी

नुसत्या घासण्याने कर्करोग कसा होईल, असा प्रश्न चौकस विद्यार्थी नक्की विचारील. त्यासाठी कातडीची रचना आठवू. बाह्यत्वचेच्या अगदी तळाशी पेशींचा एक थर असतो. या पेशी सतत विभागतात, नव्या पेशी वर सरकतात, चपट्या होतात, मरतात आणि कोंड्याच्या रूपाने झडून जातात. या साऱ्या प्रवासाला साधारण महिना लागतो. जखम झाली की कडेच्या पेशी वेगाने विभागून ती भरून काढतात आणि काम झाले की थांबतात.

दर विभागणीच्या वेळी पेशीला आपल्या डीएनएमधली सुमारे ३०० कोटी अक्षरांची जोडी पुन्हा उतरवून काढावी लागते. उतरवताना चुका होतात, आणि बहुतेक दुरुस्तही होतात, पण सगळ्या नाहीत. जखम सतत उघडी राहिली की विभागणी थांबत नाही. शिवाय दाहामुळे तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशी जी क्रियाशील रसायने सोडतात, त्यांनीही डीएनएला इजा होते. अशा चुका साठत जाऊन एखाद्या पेशीतली 'आता थांब' ही सूचनाच नाहीशी झाली की ती आणि तिची संतती वाढतच राहते. वरून पाहणाऱ्याला मात्र ती जुनीच, न भरणारी जखम दिसते.

असा कर्करोग फक्त कंबरेवरच होतो असे नाही. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये जुन्या व्रणांवर उठणाऱ्या अशा वाढीचे वर्णन केले होते, आणि १९०३ पासून 'मार्जोलिनचा व्रण' हे नाव रूढ झाले. भाजल्याचे जुने वण ही याची सर्वांत नेहमीची जागा आहे. भाजल्यापासून कर्करोग दिसेपर्यंत अनेकदा तीस-तीस वर्षे जातात. लहानपणी चुलीवर किंवा स्टोव्हने भाजलेली, कोपरा-गुडघ्याशी ताणलेला वण घेऊन वावरणारी माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत. बहुतेकांना कधीच काही होत नाही. पण तो शांत वण तीस वर्षांनी फुटला आणि भरेना झाला, तर 'जुनेच दुखणे आहे' म्हणून सोडून देण्यासारखी ही बाब नव्हे.

दोष साडीचा की नाडीचा?

एकविसाव्या शतकात भारतीय वैद्यकीय नियतकालिकांतून 'साडी कर्करोग' हा शब्द येऊ लागला. २०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या ब्रिटिश नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची माहिती दिली. एक नऊवारीखाली परकराची नाडी घट्ट आवळत असे, दुसरी परकराशिवाय लुगडेच कंबरेला करकचून नेसत असे, तेही चाळीस वर्षे. दोघींच्या कुशीवर दीड-दोन वर्षे न भरलेला व्रण होता. दोघींनाही शल्कपेशींचा, म्हणजे बाह्यत्वचेच्या चपट्या पेशींचा कर्करोग निघाला आणि एकीचा तो जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. लेखकांनी नावही बदलून सुचवले. दोष साडीचा नसून आवळलेल्या नाडीचा आहे, म्हणून याला 'परकराचा कर्करोग' म्हणावे, असे त्यांचे म्हणणे.

नावाचा हा वाद वरवरचा वाटेल, पण त्यात विज्ञानाचा एक धडा आहे. धोतर आणि साडी कोट्यवधी लोक पिढ्यान्‌पिढ्या नेसत आले आणि त्या मानाने या कर्करोगाच्या प्रसिद्ध झालेल्या नोंदी अगदी मोजक्या आहेत. 'साडीने कर्करोग होतो' अशी बातमी वाचून कोणी घाबरले, तर ते चुकीचेच. एक-दोन रुग्णांच्या वर्णनाने शंका निर्माण होते, किती धोका आहे हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी बटलिन यांनी केली तशी तुलना लागते: घट्ट बांधणारे आणि सैल बांधणारे, दोन्ही गट मोजावे लागतात. वर्गात 'पुरावा म्हणजे काय' हे शिकवताना हे उदाहरण चांगले उपयोगी पडेल.

दुसऱ्या बाजूने, पूर्ण पुरावा हाती येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. नाडी अरुंद दोरीऐवजी रुंद पट्टीची घ्यावी, सैल बांधावी, गाठीची जागा अधूनमधून बदलावी, घरात असताना मोकळा कपडा घालावा, आणि कातडीचा रंग बदलला किंवा खवले धरले तर तिथला काच आधी बंद करावा. यात खर्च नाही, आणि कोणाला नऊवारी सोडायला सांगण्याचेही कारण नाही.

पाहणारा डोळा तयार करता येतो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. व्रण डोळ्यांसमोर असताना दोन-दोन वर्षे का जातात? पहिले कारण म्हणजे तो सुरुवातीला फारसा दुखत नाही. खेड्यातल्या कष्टकऱ्याच्या लेखी जे दुखत नाही ते दुखणेच नव्हे. दुसरे कारण जागेचे. कंबर, कूस, मांडी या झाकलेल्या जागा. आजीबाई ती जखम सुनेलाही दाखवत नाहीत, मग पुरुष डॉक्टरची गोष्टच नको. तिसरे म्हणजे 'कॅन्सरला हत्यार लागले की तो पसरतो' ही समजूत. त्यामुळे तपासणीसाठी लहानसा तुकडा काढू द्यायलाही माणसे तयार नसतात. वस्तुस्थिती उलट आहे. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याने रोग पसरत नाही, त्याशिवाय खात्रीचे निदान होत नाही. तो पसरतो उशिरामुळे. हत्यार लागल्यावर दगावलेले जे रुग्ण लोकांना आठवतात, त्यांतले बरेचसे फार उशिरा आलेले असतात.

हे बदलता येते का? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. जामखेड तेव्हा दुष्काळी आणि दूरचा तालुका होता. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हते, कित्येक जणी ज्यांना गावाने दूर ठेवले अशा जातींतल्या होत्या. बाळंतपण, लहान मुलांचे जुलाब, कुपोषण यांच्याबरोबरच त्या कुष्ठरोगाचे चट्टे ओळखायला शिकल्या. फिकट डाग, त्यावर घाम नाही, केस विरळ, आणि कापसाचा स्पर्श कळत नाही: एवढ्या खुणा त्यांना पुरल्या. त्या रोज त्याच घरांतून वावरत होत्या, त्यामुळे डॉक्टरला जे दाखवायला संकोच वाटे ते त्यांच्यापुढे सहज उघड होई. या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यात एक जुळणारा धागा आहे. धोतराच्या कर्करोगाचे वर्णन करणाऱ्या खानोलकरांनी कुष्ठरोगावरही मोठे काम केले होते. कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांत ऊतींमध्ये काय घडते, याचा त्यांचा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत मिळालेले 'सुरुवात कशी दिसते' हे ज्ञान उपयोगाचे ठरते ते गावात ती सुरुवात ओळखणारे कोणीतरी असेल तेव्हाच. कुष्ठरोगाच्या बाबतीत महाराष्ट्राने हे करून दाखवले. शाळांतून मुलांची तपासणी झाली, भिंतींवर 'न दुखणारा बधिर चट्टा' रंगवला गेला आणि एका पिढीला तो पाठ झाला.

कर्करोगाच्या बाबतीतही असा प्रयत्न जामखेडच्या शेजारीच झाला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि त्याला लागून असलेले भूम व परांडा हे तालुके मिळून १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे केंद्र बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात होते. शहरात नोंदणी करणे तुलनेने सोपे, कारण तिथे रुग्णालयांची कागदपत्रे असतात. खेड्यातला रुग्ण अनेकदा रुग्णालयात जातच नाही. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांना गावोगाव फिरून लोकांशी बोलावे लागले, कर्करोगाच्या खुणा समजावून सांगाव्या लागल्या आणि संशयित रुग्णांना तपासणीला आणावे लागले. याचा परिणाम १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात दिसतो. काही वर्षांतच या भागातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागले होते. नवे यंत्र किंवा नवे औषध नव्हे, तर केवळ माहिती असलेल्या माणसाचा वावर इतका फरक करू शकतो. जो रोग शरीराच्या आत होतो त्याच्या बाबतीत हे जमले, तर उघड्या कातडीवरच्या रोगाच्या बाबतीत न जमण्याचे कारण नाही.

लक्षात ठेवायच्या खुणा

पहिली आणि आपल्याकडे सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे न भरणारी जखम. साधी जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. महिना उलटूनही जी भरली नाही, किंवा भरते आणि पुन्हा त्याच जागी फुटते, ती डॉक्टरला दाखवावी. कडा उचललेल्या व टणक असणे, धक्का लागताच रक्त येणे, फुलकोबीसारखी वाढ होणे, दुर्गंधी येणे, ही पुढची लक्षणे. जांघेत किंवा काखेत गाठ आली तर ती जखमेमुळे आलेले नेहमीचे अवधाण असू शकते, परंतु ती टणक असून जात नसेल तर आणखी उशीर करू नये.

दुसरी खूण जुन्या वणात किंवा काच पडलेल्या जागी होणारा बदल. कंबर, भाजल्याचा वण, वर्षानुवर्षे वाहणारा नाळव्रण, या जागा अधूनमधून पाहायला हव्यात.

तिसरी, चेहऱ्यावरची चकचकीत मोत्यासारखी गाठ. ती नाकाच्या बाजूला किंवा डोळ्याच्या कोपऱ्याजवळ येते, हळूहळू वाढते आणि मधोमध फुटून खपली धरते. हा बहुधा तळपेशींचा कर्करोग. तो सहसा दूर पसरत नाही, पण दुर्लक्ष केले तर जागेवरच खोल कुरतडत जातो.

चौथी खूण तिळाची. न्यूयॉर्कमधील त्वचारोगतज्ज्ञांनी १९८५ मध्ये यासाठी इंग्रजी आद्याक्षरांची एक युक्ती काढली. तिचा सारांश असा: तिळाचे दोन अर्धे सारखे नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाच तिळात अनेक रंग असणे आणि आकार सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा मोठा असणे. पुढे त्यात 'बदल' या पाचव्या खुणेची भर पडली. मेलॅनोमा नावाचा हा कर्करोग सर्वांत घातक. गोऱ्या लोकांत त्याचा संबंध मुख्यतः उन्हाशी आहे. आपल्या कातडीतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून बरेच संरक्षण देते, म्हणून आपल्याकडे तो कमी. परंतु जिथे मेलॅनिन थोडे आणि ऊनही पोचत नाही अशा जागी, म्हणजे तळपायावर, तळहातावर आणि नखाखाली, होणारा मेलॅनोमा आपल्यालाही होतो. अनवाणी चालणारा शेतकरी तळपायावरच्या काळ्या डागाला काटा मोडल्याची किंवा कुरूप झाल्याची खूण समजतो. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालची इजा फुटबॉल खेळताना झालेली मानली गेली. १९७७ मध्ये तो मेलॅनोमा असल्याचे निष्पन्न झाले आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो गेला. कुरूप समजून दर महिन्याला ब्लेडने तासत राहण्याऐवजी पसरत जाणारा काळा डाग एकदा दाखवावा.

वर्गात जन्मतःच रंगद्रव्य नसलेले, पांढऱ्या केसांचे आणि अतिशय गोऱ्या कातडीचे मूल असेल, तर त्याची गोष्ट निराळी. त्याला उन्हाने खरोखर धोका आहे. मैदानावरच्या प्रार्थनेच्या वेळी त्याला सावलीत उभे करणे, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालू देणे, हे शिक्षकाच्या हातात आहे.

या सगळ्या खुणा असलेल्या बहुतेक माणसांना कर्करोग नसतो, हेही सांगायला हवे. मधुमेहातील जखमा, फुगलेल्या शिरांचे व्रण, जंतुसंसर्ग, कुष्ठरोग, अशी अनेक कारणे असतात. मात्र त्या प्रत्येकाला उपचार लागतोच, त्यामुळे महिनाभर न भरलेली जखम दाखवायला गेलेला माणूस कधीच फुकट जात नाही.

शाळेतून घरी

शाळेत पेशीविभाजन आणि त्वचेची रचना शिकवली जाते. त्या तासाला धुराडी साफ करणाऱ्या मुलांची, कांगडीची आणि धोतराची ही हकिकत जोडून सांगितली, तर धडा पुस्तकाबाहेर येईल. नंतर मुलांना एक सोपा गृहपाठ द्यावा. घरातल्या आजी-आजोबांना कंबर, तळपाय किंवा जुना वण यांपैकी कुठे महिन्याहून जुनी जखम आहे का, एवढे विचारायचे. आजीला जे सुनेला सांगता येत नाही ते ती नातीला सहज सांगते, हा आपल्या घरांतला अनुभव आहे. उत्तर वर्गात सांगायचे नाही, वहीतही लिहायचे नाही, फक्त आई-वडिलांच्या कानावर घालायचे. तिथून पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा रुग्णालय किंवा लोणीच्या प्रवरा रुग्णालयासारखे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, हा रस्ता आज जिल्ह्यात उपलब्ध आहे. लहान व्रण वेळेवर, आजूबाजूच्या निरोगी कातडीच्या कडेसह कापून काढला, तर बहुतेकांच्या बाबतीत काम तेवढ्यावर भागते. गाठींपर्यंत गेल्यावर मात्र मोठी शस्त्रक्रिया, किरणोपचार, मुंबईच्या खेपा आणि कर्ज, अशी मालिका सुरू होते.

खानोलकरांनी कंबरेच्या काचाला नाव दिले, त्याला आता ऐंशी वर्षे होऊन गेली. बधिर चट्टा जसा गावाला पाठ झाला, तशी 'महिनाभर न भरलेली जखम' पाठ व्हायची अजून राहिली आहे. ती पाठ करून घेण्यासाठी फळा आणि खडू यांपलीकडे काही लागत नाही.